हुदहुद, घोड्यांचं कुरण आणि माझं एक खोटं

एप्रिलमधली गोष्ट. शनिवारी सकाळी पावणेसातला आमच्या इंग्लंडमधल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज पडला, डोर्सेटला पोर्टलंडजवळ हुदहुद, घोड्यांच्या कुरणात, अजून आहे. हे शेवटचं "अजून आहे" फार महत्त्वाचं हं, कारण दोन-अडीच तास गाडी हाकून जायचं आणि पोचेपर्यंत पक्षी उडालेला असायचा, याला इथे डिप म्हणतात, आणि माझी डिपची यादी बघितलेल्या पक्ष्यांपेक्षा मोठी आहे.

पोचले तर अरुंद रस्त्याच्या कडेला तीस-एक माणसं, सगळ्यांची मळखाऊ हिरवी जॅकेटं, ट्रायपॉडवर स्कोप, बोलणंसुद्धा देवळात बोलावं तसं हळू. सत्तरीच्या एका काकांनी आपणहून स्कोप माझ्याकडे वळवला. बघते तर काय, तुरा मिटवून साहेब गवतात चोच खुपसून किडे काढतायत, अगदी आरामात. मला हसूच यायला लागलं! लहानपणापासून इतक्यांदा बघितलेला पक्षी, आणि त्याच्यासाठी मी पहाटेचा चहा सोडून आलेय. काकांनी विचारलं, "लाइफर?" म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघतेयस का. मी सरळ "येस" म्हणून टाकलं. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की आमच्याकडे हे ढीगभर असतात असं सांगायची छातीच झाली नाही.

तसे ते इथे अगदीच दुर्मिळ नाहीत म्हणा, वर्षाला शंभरच्या आसपास दिसतात. आफ्रिकेत हिवाळा काढून दक्षिण युरोपकडे निघालेले असतात, हवा छान असते, पाठीमागून दक्षिणेचा वारा, आणि त्या भरात मुक्काम मागे टाकून इंग्लिश खाडी ओलांडून येतात. झोपेत आपलं स्टेशन निघून जावं तसं. म्हणून ते जास्त करून दक्षिण किनाऱ्यावर, नि वसंतात. इथे घरटं करणं मात्र फार क्वचित, आणि केलंच तर १९८१ च्या कायद्याप्रमाणे घरट्यापाशी त्यांना मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे, त्यामुळे अशी जागा कळली तरी जाणती माणसं तोंड बंद ठेवतात. त्या दिवशी एकजण फोटोसाठी कुरणाची भिंत चढायला लागला तर मघापासून कुजबुजणारी मंडळी एकदम कशी ओरडली ते ऐकायला हवं होतं.

ट्विचर लोकांचा, म्हणजे दुर्मिळ पक्ष्यामागे गाडी काढून धावणाऱ्यांचा, आवडता किस्सा मात्र १९८९ चा. फेब्रुवारीत केंटमधल्या लार्कफील्डला एका सुपरमार्केटच्या पार्किंगपाशी गोल्डन-विंग्ड वॉर्बलर सापडला, अमेरिकेतला एवढुसा पक्षी, जो त्या दिवसांत मध्य अमेरिकेच्या उबेत असायला हवा होता. बघायला हजारो माणसं लोटली, आणि ब्रिटनमध्ये तो त्याआधी कधी दिसला नव्हता नि नंतरही नाही. यॉर्कशरच्या बेम्प्टनच्या कड्यांवर २०२१ मध्ये दक्षिण गोलार्धातला अल्बट्रॉस गॅनेट या समुद्रपक्ष्यांच्या गर्दीत एकटाच वावरत होता. लोक खूश, मीही फोटो बघून खूश, पण मनात येतंच की हा जोडीदार शोधणार कुठे इथे? आपली यादी वाढते तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी वाट चुकलेलं असतं.

म्हणून असेल, मला ठरवून येणारे पाहुणे जास्त आवडायला लागलेत. नॉर्फोकला स्नेटिशमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उजाडताना उभं राहा एकदा, आइसलंड-ग्रीनलंडहून आलेले पिंक-फुटेड हंस रात्रभर चिखलावर झोपून हजारोंनी शेतांकडे निघतात, आधी नुसता कलकलाट येतो आणि मग आभाळभर वेड्यावाकड्या रांगा. थंडीने बोटं गळून पडायची वेळ येते, हातमोजे दोन जोड न्या.

आणि ज्यांना एवढंही जमत नाही त्यांच्यासाठी रेडविंग आहे. कस्तुरासारखा पक्षी, पांढरट भुवई, पंखाखाली विटकरी डाग, ऑक्टोबरमध्ये स्कँडिनेव्हियाहून रात्रीचा उडत येतो, शहरांवरूनसुद्धा. दिसत काहीच नाही, फक्त वरून बारीक, ओढलेली "स्सीप" ऐकू येते. ऑक्टोबरात कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले की मी पाच मिनिटं तिथेच थांबते, शेजारीण पडद्याआडून बघते, मी आपली वर तोंड करून उभी.