सोळा ठिपके

ठाण्याला नौपाड्यातल्या माझ्या खोलीत मुलं मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी येतात ती शाळेच्या चिठ्ठीवर. पालकांना सर्टिफिकेट हवं असतं, तेही शनिवारच्या आत. ही चौथीतली मुलगी कळव्याहून आजीबरोबर आली. सोबतच्या जुन्या रिपोर्टात ‘आकारबोध कमकुवत’, एवढंच. कशावरून, ते नाही. असले रिपोर्ट एकाच साच्यातून निघतात, नाव तेवढं बदलतं.

मी बेंडर-गेस्टाल्ट काढली. लॉरेटा बेंडरची १९३८ची चाचणी, ९ कार्डं, त्यांवरच्या आकृत्या बघून कागदावर काढायच्या. आकृत्या बहुतेक गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञ वर्टहायमरच्या १९२३च्या लेखातल्या. दिसायला पोरखेळ. पण कागद उभा, पट्टी नाही, कार्ड फिरवू द्यायचं नाही आणि आपण बोलायचं ते एकच, ‘दिसतंय तसं काढ.’ मी गुणांआधी हात बघते. कुठे थबकला, काय मोजलं.

वर्तुळाला टेकलेला चौकोन तिने नीट काढला. १२ ठिपक्यांची ओळही, बोटाने मोजून. ३ नंबरचं कार्ड बाणासारखं, १, ३, ५, ७ असे १६ ठिपके. तेही काढले, जरा बघितलं आणि सरसर जोडून टाकले.

‘का गं जोडलेस?’

‘ठिपके असेच ठेवतात का?’

‘मग मघाची ओळ नाही जोडलीस ती?’

‘ती नुसती ओळ होती. ही नक्षी आहे ना.’

आजी रोज दारात ठिपक्यांची रांगोळी काढते, हिच्याकडे रेघा ओढायचं काम. जवळजवळचे ठिपके आपल्याला सुटे दिसतच नाहीत, आपोआप एकत्र येतात, हेच तर वर्टहायमर ठिपके मांडून दाखवत होता. हिला ते दिसलं आणि हात पुढे गेला. गुणांकनात मात्र ठिपक्यांच्या जागी रेघ आली की चूक. पण इथे ठिपके आहेत, रेघेखाली!

‘जोडू नकोस’ सांगून पुन्हा काढायला दिलं. सोळाच्या सोळा जागच्या जागी. आजी आत आली, कागद बघून म्हणाली, ‘अर्धी का सोडलीस गं?’

गुण पहिल्याच कागदाचे धरायचे असतात. चुकांच्या रकान्यात १ लिहिला, खोडला, परत लिहिला. खाली चार ओळींची टीप टाकली आहे. शाळा टीप वाचत नाही, आकडा वाचते. वाचताना ती अडखळते हे खरंच आहे, जोडाक्षर आलं की थांबतेच. वाचनाच्या चाचण्या मंगळवारी. तोवर फाइल टेबलावर.