देवगड ते वाशी, साठ पेट्या आणि पिकअपचा लाइट

गेल्या वर्षी एप्रिलात अंजणारीच्या उतारावर एक म्हैस आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर राहिली. काळी म्हैस, काळं डांबर आणि मधे आमच्या पिकअपचा तांबूस उजेड. आतेभाऊ गाडी चालवत होता, मी बाजूला पेंगत होतो. करकचून ब्रेक लागला तशा मागच्या पेट्या सरकून केबिनच्या पाठीवर आदळल्या. म्हैस शेपटी हलवत निघून गेली. आतेभाऊ खाली उतरला, दोन्ही हेडलाइटांकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, "मेल्या, ह्या लाइटीत आरती करूची काय गाडी चालवूची?"

वाशीला पोचल्यावर चार पेट्यांत डागी फळ निघालं. लाइटचा हिशेब तिथे सुरू झाला.

आंब्याच्या दिवसांत देवगडाहून वाशीला जाणारी गाडी रात्रीच निघते. दुपारी फळ काढायचं, निवडायचं, पेट्या भरायच्या, दिवेलागणीला निघायचं आणि पहाटेच्या आत मार्केटला लागायचं. चारशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट सगळी अंधारातलीच. म्हणून यंदाच्या पहिल्या मोठ्या फेरीचा हा वृत्तांत. भरलेली पिकअप घेऊन रात्री या रस्त्याने जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते जरा सविस्तर लिहितो. बाकी रस्ता तुम्हाला माहीतच आहे.

आधी माझी चूक सांगतो. त्या म्हशीनंतर मी सगळे करतात तेच केलं. मोबाइलवरून दुधासारखा पांढरा उजेड देणारे एलईडी बल्ब मागवले आणि जुन्या हेडलाइटमध्ये बसवले. खळ्यात गाडी उभी करून लावले तेव्हा समोरची कलमं दिवसासारखी दिसली. मी खूश. रस्त्यावर आलो तर समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला डिपर मारायला लागला, आणि आम्ही तर डिपरवरच होतो, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडावर, लांबच्या अप्परवर नव्हे! आमच्या गाडीचा हेडलाइट साध्या एच-४ हॅलोजन बल्बसाठी बनवलेला. बल्बमधली ती बारीक तार नेमकी कुठे असेल ते धरून आतल्या आरशाचा आकार ठरवलेला असतो. एलईडीत प्रकाश निघण्याची जागा आणि आकार दोन्ही वेगळे, त्यामुळे उजेड वाटेल तिकडे फुटतो. गाडीपुढे पाच-दहा मीटरवर लख्ख, ऐंशी मीटरवर काळोख आणि समोरच्याच्या डोळ्यांत मिरची. शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या अडचणीत येतं. आठवड्यात ते बल्ब काढून ठेवले.

मग १००/९० वॉटचे (अप्परला १००, डिपरला ९०) हॅलोजन घालायचं मनात आलं. तळेऱ्याच्या आमच्या वायरमनने हातातला बल्ब काढूनच घेतला. "दादानू, बल्ब बदलून काय होवचा नाय. वायर बघा आधी." त्याने मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, लाइट चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरवर पिना टेकवल्या: ११.९. दोन व्होल्टच्या वर वीज वाटेतच गळत होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, सगळी मेख त्यातच आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. आमच्या आकड्यांचा हिशेब केला तर निम्म्याला थोडा वर एवढाच उजेड रस्त्यावर पडत होता. बल्ब चांगला होता. बिचारा उपाशी होता.

गळती कुठे? पहिली जागा, स्टिअरिंगजवळचा स्विच. आमच्या गाडीत दोन्ही बल्बांचा करंट त्या चिमुकल्या स्विचमधून फिरून येतो. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपियरच्या वर. आणि वायर अशी बारीक, की शेवया बऱ्या. दुसरी जागा, अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची वाट. किनाऱ्यावरची गाडी म्हणजे खारं वारं बारा महिने. बॉडीला जिथे अर्थची वायर कसलेली होती तिथला बोल्ट गंजाने फुगलेला, आणि होल्डरच्या पितळी पानांवर हिरवट चुरा जमलेला. नुसतं हे घासून, नवा लग मारून, वर ग्रीस लावून पाऊण व्होल्ट परत मिळाला. खर्च जवळजवळ शून्य. ज्यांना बाकी काहीच करायचं नाही त्यांनी निदान एवढं तरी करावं.

उरलेलं काम रिलेचं, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचं. दोन रिले घेतले, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ प्रत्येकी १५ अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर. ८७ वरून थेट बल्बला. ८५ आणि ८६ मधली एक पिन अर्थला, दुसरीला जुन्या होल्डरचा करंट. म्हणजे जुन्या स्विचचं काम आता नुसतं रिलेला हाक मारण्याचं, बल्बचा भार त्याच्यावर नाही. होल्डर सिरॅमिकचे घेतले, कारण जुने प्लास्टिकचे एका बाजूने करपले होते. सगळे सांधे टेपवर न भागवता नळीने झाकून घेतले, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवा चुरा. एक धोक्याची सूचना: काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूने तोडतो, तिथे ही जोडणी जशीच्या तशी चालत नाही. टेस्ट लॅम्पने आधी बघून घ्या, आणि हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. काम झाल्यावर होल्डरवर १३.७ व्होल्ट. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. उजेड दीडपटीहून जास्त. पुरेसं व्होल्टेज मिळालं की हॅलोजन पूर्वीपेक्षा लवकर जातो हे मात्र खरं, म्हणून एक जादा बल्ब कप्प्यात असू द्या. आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका. आंबे हाताळलेल्या चिकट हाताने तर नकोच. जिथे डाग राहतो तिथे काच जास्त तापते आणि तडकते.

हेडलाइटच्या प्लास्टिकवर पिवळी साय धरली होती. आठशे, पंधराशे, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत फिरवला, मग पॉलिश. वरून क्लिअर कोट मारायला विसरलात तर उन्हाने ते पुन्हा पिवळं पडतं. काच असलेल्या जुन्या गाड्यांना ही भानगड नाही.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित काम: फोकस, म्हणजे उजेड किती वर-खाली पडतो ते. रिकामी गाडी गॅरेजात उभी करून फोकस लावून घेतात आणि मग तिच्यात टनभर माल भरतात. आम्ही टेप लावून मोजलं. साठ पेट्या, म्हणजे साधारण बाराशे किलो भरल्यावर मागची बाजू सहा सेंटिमीटर बसली आणि पुढची एक सेंटिमीटर उचलली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर. म्हणजे दहा मीटरवर उजेड तेवीस सेंटिमीटर वर चढला! डिपरचा वरचा काठ दहा मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली हवा, तो उलट तेरा सेंटिमीटर वर गेलेला. समोरचा शिव्या घालणारच.

म्हणून निघायच्या दिवशी पेट्या भरल्या, टायरची हवा बघितली, आतेभावाला सीटवर बसवलं आणि आंब्याच्या मांगराच्या (कोठाराच्या) भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावली. कोकणात सपाट जागा मिळणं हेच निम्मं काम. आमच्याकडे सडा, म्हणजे कातळाचं सपाट माळरान आहे म्हणून निभावलं. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर काढली, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ. एक दिवा गोणपाटाने झाकायचा, दुसऱ्याचा स्क्रू फिरवायचा. डिपरच्या उजेडाला डाव्या बाजूला वर चढणारी शेंडी असते, ती रस्त्याची डावी कड दाखवते. शेंडी उजवीकडे चढत असेल तर दिवा रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे, तो परत करा. तुमच्या गाडीत डॅशबोर्डवर शून्य ते तीन असं फोकसचं गोल बटण असेल तर यातलं बरंच काम बटणावर होतं. आमच्या गाडीत नाही.

संध्याकाळी साडेसहाला निघालो. शिरगाव करत नांदगावला मुंबई-गोवा हायवेला लागलो तेव्हा पुरता काळोख झाला होता. तळेरे, खारेपाटण, राजापूर. काँक्रीटच्या रस्त्यावर उजेड परत मिळतो, डांबर तो गिळून टाकतं. चौपदरी झालेल्या तुकड्यांत मधे दुभाजक आहे तिथे अप्परही जमतो. लांजा गेलं. अंजणारीचा उतार आला तसा आतेभाऊ न सांगता चाळीसवर आला. म्हैस नव्हती. पण डाव्या कडेची पांढरी पट्टी वळणाच्या शेवटापर्यंत दिसत होती, ती मी तिथे याआधी कधीच बघितली नव्हती.

वेगाचं सांगतो. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर; भरलेली गाडी थांबायला वर आणखी तेवढेच, थोडे जास्तच. पन्नासच्या पुढे झाले. डिपरमध्ये काळं जनावर दिसतं ते साधारण चाळीस-पन्नास मीटरवर. त्यामुळे लाइट कितीही सुधारला तरी डिपरवर आम्ही पन्नासच धरला.

हातखंब्याला चहा घेतला. त्या दहा मिनिटांत पुढची काच आतून पुसली. बाहेरून सगळेच पुसतात, आतला तेलकट थर कोणी बघत नाही, आणि समोरच्याचा लाइट पसरतो तो त्याच थरावर. संगमेश्वरच्या अलीकडे-पलीकडे काम चालू असलेले तुकडे होते. मातीचे वळसे, धूळ, अचानक येणारी बॅरिकेड. धुळीत अप्पर मारला की पांढरा पडदाच उभा राहतो. चिपळूणला वाशिष्ठीवर आणि खेडला जगबुडीवर धुकं होतं, तिथेही तेच. धुक्यासाठी पिवळा दिवा पांढऱ्यापेक्षा आरपार जातो असं आमच्याकडे म्हणतात. तसं नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की दोन्ही रंग सारखेच विखुरतात. फरक पडतो तो दिवा किती खाली बसवलाय आणि उजेड किती आडवा पसरतो त्याने. फॉगलॅम्प लावायचा तर बंपरच्या खाली लावा, छपरावर नको.

समोरून कोणी डोळ्यांवर अप्पर मारला तर उलट मारायचा मोह होतो. आतेभावाला फार होतो. मी त्याला डावी पांढरी पट्टी बघायला सांगतो. उजेडाकडे बघितलं की पुढचे काही सेकंद दोघेही आंधळे.

कशेडीचा बोगदा पार करून पोलादपूर, मग महाड. सावित्रीच्या नव्या पुलावर आम्ही दोघेही गप्प होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथलाच जुना पूल पुरात वाहून गेला आणि पाठोपाठ आलेल्या दोन एसटी अंधारात नदीत गेल्या. कुठलाही हेडलाइट तिथे पुरा पडला असता असं मला वाटत नाही. पण त्या पुलावर गाडी आपोआप हळू होते.

माणगावच्या पुढे एका ट्रकवाल्याने शेजारी येऊन हाताने मागे बघायची खूण केली. थांबलो तर ताडपत्रीचा कोपरा सुटून मागच्या लाल दिव्यावर लोंबत होता. पुढच्या उजेडाच्या नादात आम्ही मागचं विसरलो होतो! ताडपत्री बांधली की गाडीभोवती एक फेरी मारा. ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि परावर्तक पट्टी, मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, सगळं उघडं दिसलं पाहिजे. नागोठणे, वडखळ, पेण पटापट गेली. पावणेपाचला वाशी. साठच्या साठ पेट्या धड.

परतीला कोलाडजवळ अंधार पडला आणि लक्षात आलं की आता गाडी रिकामी आहे. मागची बाजू वर आलेली, आणि डिपरचा उजेड गाडीपुढे जेमतेम पंचवीस मीटरवर जमिनीत शिरत होता. टपरीच्या उजेडात गाडी लावून दोन्ही स्क्रू पिळत बसलो, टपरीच्या भिंतीवर अंदाज घेत. चाळीसभर मिनिटं गेली. आता स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाची खूण केली आहे: भरलेली आणि रिकामी यात आमच्या गाडीचे अडीच आटे. तुमच्या गाडीचे किती ते निघायच्या आधी खळ्यातच मोजून ठेवा.