आत्याची बाटली
आज आत्याला वैद्यांकडे घेऊन गेलेले, किमोनंतर तिला झोपच नाही. त्यांनी एक छोटी तेलाची बाटली लिहून दिली, लेबलवर बारीक अक्षरात 'विजया'. मी रिक्षात बसून गुगल केलं आणि हळूच सांगितलं, आत्या ही भांग आहे गं. ती शांतपणे म्हणाली, "मग? होळीला पीत होतोच की."

मग घरी येऊन वाचत बसले ते रात्रीचे अकरा. कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने 1839 मध्ये धनुर्वाताच्या पेशंटना गांजाचा अर्क दिला, झटके येणाऱ्या 40 दिवसांच्या तान्ह्या बाळाला पण दिला (वाचतानाच पोटात गोळा आला), आणि तिथून हे औषध विलायतेला पोचलं. 1894 ला इंग्रज सरकारच्याच कमिशनने हजारावर साक्षीदार तपासून लिहिलं की भांग-गांजा बेताने घेतला तर फारसा अपाय नाही, बंदी नको. आणि आपण 1985 ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आणला, त्यात भांगेचं पान चालतं पण त्याच झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, गुन्हा! अमेरिकेत 2018 ला लहान मुलांच्या फिट्सवर ह्याच झाडातल्या सीबीडी नावाच्या घटकाचं औषध मंजूर झालं.

मला कोणी चिलीम ओढावी असं अजिबात म्हणायचं नाहीये, कोवळ्या पोरांनी तर नाहीच. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर, तपासलेलं, मोजून मिळायला काय हरकत आहे?

आत्याने दोन थेंब घेतले. म्हणे, "थंडाईची चव नाही याला."