तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्राची पदवी संशोधन संस्थेत का?

"मुलीला अर्थशास्त्र घ्यायचंय. जवळच्या कॉलेजात बी. ए. करू द्यावं, की गोखले इन्स्टिट्यूटसारख्या मुळात संशोधन करणाऱ्या संस्थेत घालावं? तिथले प्राध्यापक पदवीच्या मुलांकडे लक्ष देतात का?" बारावीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो.

पहिल्या वर्षी वर्गात जे शिकवतात त्यात फार फरक नसतो. मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, सरासरी आणि प्रमाण विचलन सगळीकडे तेच. फरक आहे तो आकडा कसा तयार होतो हे जवळून बघायला मिळण्याचा. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० साली निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबं यांच्या पाहण्या तिथे झाल्या. पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरून दारिद्र्याचा अंदाज मांडला, तो राष्ट्रीय नमुना पाहणी या सरकारी पाहणीतल्या घरखर्चाच्या तक्त्यांवरून. हे असं काम शिकायची ओढ असेल तर संशोधन संस्था जरूर निवडावी. नुसती पदवी हवी असेल तर घराजवळचं कॉलेज काही वाईट नाही.

आता तयारी. बारावीचं गणित कच्चं असेल तर सुट्टीत आधी ते पक्कं करा. दुसऱ्या वर्षी ग्राहक ठरलेल्या पैशांत काय निवडेल हे लॅग्रांजच्या गणिती पद्धतीने सोडवायची वेळ येते, आणि आंशिक विकलन न येणारा विद्यार्थी मग आकृत्या पाठ करतो. पाठ केलेल्या आकृत्या अर्थमितीच्या, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याच्या पेपरात काही कामाला येत नाहीत. तिथे मॅट्रिक्स लागतं, संभाव्यता लागते. संख्याशास्त्राला दुय्यम विषय समजून टाळणारी मुलं तिसऱ्या वर्षी हमखास अडतात.

खरं शिक्षण मात्र कच्च्या डेटाशी गाठ पडते तेव्हा सुरू होतं. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचंच (पीएलएफएस, रोजगाराची सरकारी पाहणी) घ्या. २०१७ पासून चालू असलेल्या या पाहणीचा व्यक्तिनिहाय डेटा सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो. फाइल उघडली की नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी दिसतात. कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत वय, कुठे लिंग, कुठे राज्य (महाराष्ट्र २७, गोवा ३०) हे सोबतच्या मांडणीच्या तक्त्यात असतं. एका स्थानाची चूक झाली तरी पुढचं सगळं सरकतं आणि तीनशे वर्षांची माणसं दिसू लागतात.

मग भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा. नमुन्यात शहरी कुटुंबांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा मोठा ठेवलेला आहे, त्यामुळे भारांक न लावता काढलेला दर शहराकडे झुकतो. फाइलमधला हा भारांक (तिथे त्याला गुणक म्हणतात) १०० ने की २०० ने भागायचा, तिमाहींच्या संख्येने भागायचा की नाही, हे त्या त्या वर्षाच्या सूचनापत्रात दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्त्रियांच्या कामात. वर्षातला बहुतेक काळ घरकामात गेलेली बाई मुख्य स्थितीत (वर्षातला जास्त काळ ज्यात गेला ती) ९२ या संकेतांकात बसते. पण तिने पेरणी-काढणीत घरच्या शेतावर तीस किंवा जास्त दिवस राबून काम केलं असेल, तर दुय्यम स्थितीत (त्याखेरीज केलेलं काम) २१, म्हणजे बिनपगारी मदतनीस, अशी नोंद होते. फक्त मुख्य स्थितीचा रकाना घेतला की ही बाई कामकऱ्यांतून गळते आणि ग्रामीण स्त्रियांचा सहभाग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. वर्तमानपत्रांत एकाच वर्षाचे दोन वेगळे दर येतात, त्यामागे कित्येकदा व्याख्येतला असाच फरक असतो. म्हणून स्वतःचं काही काढण्याआधी सरकारी अहवालातला एक तक्ता डेटावरून जसाच्या तसा काढून दाखवा. तो जुळेपर्यंत पुढचं काहीही विश्वासाचं नाही. आणि मूळ फाइलला हात लावू नका. प्रत्येक बदल स्टाटा किंवा आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या प्रोग्राममध्ये लिहिलेला असावा, म्हणजे सहा महिन्यांनी चूक सापडली तर कुठे झाली ते कळेल.

प्राध्यापकांच्या वेळेचं विचारता, तर तो मागावा लागतो. "सर, तुमच्या हाताखाली काम करायचंय" एवढ्याच मेलला सहसा उत्तर येत नाही. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातल्या एखाद्या तक्त्याबद्दल नेमकी शंका विचारा, आठवड्याला पाच-सहा तास देता येतील आणि आपल्याला काय येतं ते लिहा. आधीच्या वर्षी जुळवलेला तक्ता सोबत जोडलात तर उत्तम. सुरुवातीचं काम डेटा साफ करण्याचंच मिळेल. ते कमी प्रतीचं मानू नका, निम्मं संशोधन तिथेच होतं.

प्रबंधाचा विषय मुलं फार मोठा घेतात. "शिक्षण आणि स्त्रियांचा रोजगार" हा एका सत्रात होणारा विषय नाही. "ग्रामीण महाराष्ट्रातल्या २५ ते ४५ वयाच्या विवाहित स्त्रियांत, दहावी झालेल्या आणि न झालेल्यांच्या दुय्यम कामातला फरक" हा होतो. त्याहून खाली एकेका जिल्ह्यावर जायचा मोह आवरा. २०२३-२४ पर्यंतच्या फाइलींत एका जिल्ह्याच्या वाट्याला येणारा नमुना इतका थोडा आहे की अंदाजापेक्षा त्याची प्रमाण त्रुटीच (नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) डोळ्यांत भरते, आणि परीक्षकांचा पहिला प्रश्न तिथेच येतो.