मांडी का वाळते आणि पुन्हा कशी भरते

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून गुडघ्याचा सांधा बदलून घेतल्यानंतर फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांची मुख्य तक्रार पुष्कळदा दुखण्याची नसतेच. "पायात जीवच नाही बघा," असे ते म्हणतात आणि वाळलेली मांडी दाखवतात. घरची माणसे काळजीपोटी त्यांना खाटेवरून उठू देत नाहीत आणि दोन्ही वेळा तेलाने मालिश करतात. मालिशीने बरे वाटते हे खरे. पण तिने स्नायूची ताकद वाढत नाही, आणि अंथरुणात काढलेला प्रत्येक दिवस ती कमीच करतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, शक्ती निम्म्याहून अधिक घटल्याचे मोजमापांत आढळले आहे. त्याच काळात स्नायूचे आकारमान मात्र साधारण १० टक्क्यांनीच कमी होते. या तफावतीकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. सुजलेल्या सांध्यातून निघालेले संदेश मज्जारज्जूत पोहोचतात आणि क्वाड्रिसेप्सला आकुंचनाचा आदेश देणाऱ्या चेतापेशींना दाबून ठेवतात, त्यामुळे रुग्णाने मनापासून जोर लावला तरी स्नायूचे सगळे तंतू कामाला लागत नाहीत. अशा वेळी "मनावर घेत नाही" म्हणून घरच्यांनी त्याला रागावणे अन्यायाचे आहे. आधी बर्फाच्या शेकाने सूज उतरवावी, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा सराव करावा आणि गरज भासल्यास विजेच्या सौम्य उद्दीपनाची, रुग्ण ज्याला 'करंट' म्हणतात त्याची, जोड द्यावी.

स्नायूतंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे असतात. चेतातंतूचा आदेश आला की तंतूत कॅल्शियम सुटते, मायोसिन ॲक्टिनला पकडून ओढते आणि धागे एकमेकांवरून सरकतात. धागे सरकण्याची ही उपपत्ती १९५४ साली मांडली गेली आणि ती आजही पायाभूत मानली जाते. उपचाराच्या दृष्टीने मात्र त्यापुढची गोष्ट अधिक कामाची आहे. मेंदू सगळे तंतू एकदम वापरत नाही. तो आधी लहान, न थकणारे गट कामाला लावतो आणि भार वाढला किंवा थकवा आला तरच मोठ्या, जोरकस गटांना हाक देतो. म्हणून झोपून पाय उचलण्याचा तोच हलका व्यायाम, दम लागण्याआधीच थांबवत, महिनोन्‌महिने करत राहिल्यास ज्या तंतूंच्या बळावर माणूस खुर्चीतून उठतो, ते तंतू तसेच निजून राहतात.

भार वाढवत नेण्याचे हे तत्त्व अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना वापरले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या तालमींत तर बैठकांची संख्या हळूहळू चढवत नेण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ज्या घरात एखादा पैलवान होऊन गेला आहे, तेथे आजीला हे समजावणे मला सोपे जाते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः चेतासंस्थेच्या सुधारणेमुळे. मांडीचा घेर त्यानंतर भरतो, तेव्हा टेपने रोज मोजून निराश होऊ नये. तंतू भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. वयस्कर व्यक्तीने वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला निदान १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी यांवर हा हिशेब पुरा होत नाही. उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे ताटात हवेतच.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो उतरण्याचा व्यायाम. पायरी उतरताना क्वाड्रिसेप्स लांबत असतानाच शरीराचे वजन सावरतो. या प्रकारच्या कामात स्नायू सर्वाधिक बल पेलतो, पण सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी ठणकते. तो ठणका मांडीतच असेल आणि दोन-तीन दिवसांत ओसरत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गुडघा पुन्हा सुजला किंवा गरम लागला तर भार लगेच कमी करावा, आणि पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खानापूरकडच्या ज्या बायकांना पुढच्या पावसाळ्यात भाताच्या रोपणीला उतरायचे असते, त्यांना मी प्रथम कठड्याला धरून चार बोटे उंचीची एकच पायरी सावकाश उतरायला लावते, आणि ती न डगमगता जमल्याशिवाय बांधावरून चालण्याची परवानगी देत नाही.