पंधरा महिन्यांत नर्सिंगची पदवी : कॉलेज निवडताना मी काय काय विचारलं

येत्या जानेवारीपासून मी नर्सिंग शिकणार आहे. न्यू जर्सीत इतकी वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. आता चाळिशी उलटल्यावर ते सोडून ॲक्सिलरेटेड बीएसएनला, म्हणजे आधीच पदवी असलेल्यांसाठीच्या नर्सिंगच्या वेगवान पदवीला, प्रवेश घेतला. मराठी मंडळात ही बातमी गेल्यापासून ओळखीच्या कितीतरी जणी विचारताहेत, की आम्हाला पण करायचंय, कॉलेज कसं बघायचं? एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते.

मी मिरजेची. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं आणि पुढे गावच दवाखान्यांचं झालं. माझी मावशी स्टाफ नर्स होती. नाइट संपवून ती आमच्याकडे चहाला यायची आणि रात्री कोणाचा ताप उतरला, कोण घाबरून रडलं, ते आईला सांगत बसायची. मला तेच काम हवं होतं. पण बारावीला मार्क चांगले पडले आणि इंजिनिअरिंगचा फॉर्म आला. भारतात आत्ता वळायचं म्हटलं असतं, तर बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं पहिल्यापासून करावी लागली असती. तिथला पोस्ट बेसिक अभ्यासक्रम जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांसाठी असतो. अमेरिकेत मात्र दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी असेल, तर साधारण ११ ते १८ महिन्यांत बीएसएन होतं. यात नर्सिंगचं काही गाळलेलं नसतं. पहिल्या पदवीत झालेले इतर विषय वगळतात, सुट्ट्या काढून टाकतात, आणि उरलेलं सगळं तेवढ्यात बसवतात.

त्याआधीची तयारी वेगळी. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. माझी बी.ई. चार वर्षांची, त्यामुळे अडचण आली नाही. तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बीएस्सी असेल, तर ती इथल्या पदवीच्या तोडीची धरतात की नाही, हे आधी कॉलेजला लेखी विचारा, मगच पैसे भरा. शिवाय ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे विषय हवेत, आणि अनेक कॉलेजांना शास्त्राचे विषय अलीकडच्या काही वर्षांतलेच चालतात. मी ते काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, संध्याकाळी केले. लॅबमध्ये मेंढीचं हृदय उभं कापून झडपा पाहिल्या, त्या दिवशी माझा निर्णय पक्का झाला.

आता मुख्य गोष्ट. सगळी कॉलेजं एनक्लेक्सचा निकाल दाखवतात. एनक्लेक्स म्हणजे नर्सच्या परवान्याची परीक्षा. एका खासगी कॉलेजच्या प्रतिनिधीने मला फार झळझळीत आकडा सांगितला. मी विचारलं, "या बॅचला सुरुवातीला किती जण होते?" ते म्हणाले, ईमेल करतो. ती ईमेल आली नाही. टेस्टिंगमध्ये 'सगळ्या टेस्ट पास' असा रिपोर्ट आला, की आम्ही आधी विचारतो, किती टेस्ट चालवल्याच नाहीत? इथेही तेच विचारायला हवं. मधल्या सेमिस्टरला गळलेला विद्यार्थी एनक्लेक्सपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो त्या टक्केवारीत दिसत नाही. सीसीएनई ही मान्यता देणारी संस्था एनक्लेक्सचा निकाल किमान ८० टक्के आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण किमान ७० टक्के अपेक्षित धरते. म्हणजे हा दुसरा आकडा मान्यताप्राप्त कॉलेजकडे असतोच. तो सांगायला जे कॉलेज कचरतं, ते मी यादीतून काढलं. लाखो रुपयांचं कर्ज आणि सोडलेली नोकरी यांच्यापुढे हा एक प्रश्न विचारायचा संकोच कशाला?

तेवढंच महत्त्वाचं क्लिनिकलचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष शिक्षणाचं. कोणत्या हॉस्पिटलांशी करार आहे, बाळंतपण आणि बालरुग्ण विभागात जागा खात्रीने मिळतात का, आणि किती तास पुतळ्यावर, म्हणजे सिम्युलेशनमध्ये जातात, हे विचारा. सिम्युलेशन वाईट नाही. एनक्लेक्स घेणाऱ्या एनसीएसबीएन या संस्थेच्या २०१४ सालच्या अभ्यासात निम्मे तास तसे घालवलेले विद्यार्थीही मागे पडले नव्हते. पण खऱ्या पेशंटच्या खाटेशी उभं राहायलाच मी जातेय, म्हणून मला त्याचे तास जास्त हवे होते. थिअरी ऑनलाइन असलेल्या एका कार्यक्रमाची हॉस्पिटलं पार्कवेवरून दीड तासावर होती, आणि हजेरी पहाटे पावणेसातला. घरी दहावीतली मुलगी असताना ते जमणारं नव्हतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या बॅचलर पदवीला पेल ग्रँट, म्हणजे परत न फेडायची सरकारी मदत, मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर सरकारी कर्ज मिळतं, पण स्वतंत्र विद्यार्थ्याला पदवीपर्यंतची एकूण मर्यादा ५७,५०० डॉलर. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असाल तर तेही नाही. म्हणून मी राज्याचं विद्यापीठ निवडलं, फी रहिवाशांच्या दराने पडते. ज्यांना हेही परवडणार नाही, त्यांना मी मनापासून काउंटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी सुचवते. परीक्षा तीच, परवाना तोच. न्यूयॉर्कमध्ये काम करायचं असेल, तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन करावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

सासूबाईंनी सांगलीहून फोनवर विचारलं, "अगं, लोकांचं बेडपॅन उचलशील का?"

"उचलेन, आई."

"मग कर. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सिस्टरनेच केलं सगळं."

सध्या लसींचे कागद जमवतेय. लहानपणीच्या लसींची नोंद आमच्याकडे नाही, म्हणून रक्त तपासून गोवर, कांजिण्या, हेपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती सिद्ध करायची. आणि भारतातून आलेल्या सगळ्यांनी एक करा: आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्तावरची चाचणी चालेल का, हे कॉलेजला आधीच विचारून ती मागून घ्या.