‘नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सोलापुरात पूर्व भागातले डॉक्टर, समुपदेशक नेहमी विचारतात: नैराश्याची प्रश्नावली दिली की पेशंट सरसकट ‘अजिबात नाही’वर खूण करतात. त्यांना सांगायचंच नसतं का?

सांगायचं असतं, पण प्रश्न नीट पोचत नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० (‘अजिबात नाही’) ते ३ (‘जवळजवळ रोज’) गुण, एकूण २७. पहिलाच प्रश्न कशात रस किंवा आनंद न वाटण्याचा. विड्या वळणारी बाई पटकन म्हणते, ‘नाही’. म्हणजे आनंद वाटत नाही. विचारणारा खूण करतो ‘अजिबात नाही’वर, आणि ३ गुणांच्या जागी ० पडतो. नकार प्रश्नातही आहे, पर्यायातही. म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, ‘या २ आठवड्यांतले किती दिवस हा त्रास झाला?’

दिवस विचारले की आकडा येतो. ‘बरेच दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त दिवस’ या मधल्या पर्यायांतला फरक लूमवरून थेट आलेल्या माणसाने कसा लावायचा? कागदावर १४ चौकोन छापा. वाचता येत नसेल तर १४ चिंचोके पुढे ठेवा, त्रासाच्या दिवसांचे बाजूला काढू द्या. ०-१ निघाले तर ० गुण, २ ते ६ ला १, ७ ते ११ ला २, १२ ते १४ ला ३. मोजायला सुरुवात कुठून, तेही सांगा. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता संक्रांतीच्या सुमारास पडतात; जानेवारीअखेरीस ‘सिद्धेश्वराच्या अक्षता पडल्या तेव्हापासून’ म्हटलं की लगेच ध्यानात येतं.

छापील वाक्यं मात्र मनाने बदलू नका, गुणांचा अर्थच जातो. ‘उदास’ कळलं नाही तर ‘करमत नाही, जीव रमत नाही’ असं तोंडी समजवा. भूक कमी किंवा जास्त, असा जोडप्रश्न असेल तर दोन्ही बाजू थांबून वाचा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याला त्या भाषेतली तपासलेली प्रत द्या. मुलाला किंवा सासूला दुभाषी करू नका, त्यांच्यासमोर खरं उत्तर येत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो गाळू नका, घाईत उरकू नका. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. इथे १ गुण जरी पडला, तरी एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, एकट्याला बसवून पुढचं विचारा. घरी पाठवताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या.